बोट बघायला गेलो ती दुपार

आमच्या ह्यांना पोहायला येत न्हाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरनंच झालं. मंगळवेढ्याकडचा कोरडवाहू माणूस, ज्वारीच्या रानात वाढलेला. विहिरीत डोकवायचं म्हणलं तरी आधी काठ धरणार आणि मंग मान पुढं करणार. चौतीस वर्षं सोलापुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या खोलल्या आणि जोडल्या, हेडमेकॅनिक होऊन रिटायर झाले. रिटायर झालेली माणसं काय करतात? नातवंडं फिरवतात, नाहीतर सकाळी बागेत जाऊन हसायच्या क्लबात हसतात. आमचे हे मोबाईलवर शिडाच्या बोटी बघत बसले.

मी म्हणलं बघू दे, बघायला काय लागतंय. मंग एक दिवस बॅग भरून मालवणला गेले, शीड चालवायचा दहा दिवसांचा कोर्स करायला. परत आले ते रापून, हाताला घट्टे पाडून, आणि तोंडावर असलं तेज की आमच्या लग्नातसुद्धा मी बघितलं नव्हतं. तीन महिन्यांनी जेवताना सहज बोलून गेले, की तितल्या फॉर्मवर 'पोहता येते का' असं विचारलं होतं आणि ह्यांनी 'हो' लिहिलं. वर हसले. मी ताटावरनं उठले. बावीस वर्षं मी स्टँडामागं खानावळ चालवलीय, दारात आलेल्याला उपाशी पाठवलं न्हाय. पण त्यानंतर दोन दिवस मी घरात गॅस पेटवला न्हाय.

ह्यांचा बेत असा होता. एक जुनी, आत झोपायला जागा असलेली शिडाची बोट घ्यायची. दिवाळी झाली की ट्रेलरवर घालून रत्नागिरीला न्यायची आणि तितनं किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं. एकट्यानं. मला विचारलं होतं, येतीस का म्हणून. मी म्हणलं, मला अजून वेड लागलेलं न्हाय.

आता कुणी म्हणंल, बाई पाण्याला भेत असंल. मी आणि पाण्याला? मी भीमेच्या काठची, केळवडीची. उजनीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं तवा मी तेरा वर्षांची होते. नवव्या वर्षी मी नदी पोहून पलीकडं गेले होते, चिंचा आणायला. आणि पंधराव्या वर्षी, धरणाच्या पाण्यात, माझ्या आत्याच्या नवऱ्याला मीच वर काढलं, केसाला धरून. चांगला पोहणारा माणूस होता तो. जगला न्हाय. काठावर आणून ठेवल्यावर त्याच्या तोंडातनं पाणी येत राहिलं, ते अजून माझ्या डोळ्यापुढं हाय. म्हणून मला पाण्याची भीती न्हाय, पाण्यात गेलेल्या माणसाची भीती हाय. लग्न झाल्यावर मला पहिलं बरं काय वाटलं असंल तर हेच, की ह्यांच्या गावात प्यायलाच पाणी न्हाय, बुडणार कुटं.

एप्रिलात ह्यांना बोट सापडली. लांब कुटं न्हाय, उजनीच्याच पाण्यात. मालक अनिलकुमार, अक्कलकोटकडचे, सोलापुरात टॉवेलचा कारखाना. हौसेनं गोव्याहून आणलेली बोट तीन वर्षं वापरली. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीकडं बेंगळुरूला जायचं ठरलं, म्हणून विकायला काढलेली. मी म्हणलं, मी बी येते. हे खुश झाले. त्यांना काय ठाऊक, मी खोट काढायला चालले होते. मंडईत वांग्यात अळी कुटं हाय ते मी न कापता सांगते, एवढ्या मोठ्या जुन्या बोटीत काहीतरी निघंल की.

बोट चोवीस फुटी, पांढरी, निळा पट्टा मारलेली. नाकावर कानडीत आणि मराठीत नाव लिहिलेलं, काशम्मा. अनिलकुमार म्हणाले, आईचं नाव. ते मला 'अक्का' म्हणायला लागले आणि ह्यांना 'कुंडलिकराव'. माणूस गोड होता, त्याचाच मला राग आला. लबाड असता तर माझं काम सोपं झालं असतं.

ह्यांनी बोट तपासली ती एसटीच्या पद्धतीनं. पान्ह्याची मूठ घेऊन नाकापासनं शेपटीपर्यंत टकटक करत गेले. जिथं पुट्टी भरून खड्डा लपवलाय तिथं आवाज बसका येतो, गाडीचा पत्रा असो नाहीतर बोटीचं अंग. अर्धा तास ठोकलं, आवाज सगळीकडं एकसारखा. मंग इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची दुसरी बाजू कानाला धरली, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हळूहळू गालावर हसू आलं. मी बी आत उतरून बघितलं. फळ्या दाबल्या, गाद्या उचलून वास घेतला, मोरीत पाणी ओतलं. सगळं ठणठणीत. एक ओला कोपरा सापडंना. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

अनिलकुमारनी सांगितलं, उद्या सकाळी गोव्याची पार्टी येतीय, त्यामुळं आजच काय ते सांगा. हे म्हणाले, एक चक्कर मारू आणि सांगतो. म्हणजे ती चक्कर संपायच्या आत मला काहीतरी करायला पाहिजे होतं.

तिघांनी जॅकेटं घातली. निघायच्या आधी अनिलकुमारनी एक गोष्ट समजावून सांगितली. ह्या बोटीच्या पोटाखाली चार फूट खोल लोखंडी पात असते. वाऱ्यानं बोट कलली तरी ती पात तिला पालथी होऊ देत न्हाय. पण तीच पात वेगात असताना दगडावर बसली, तर मुळाशी बोल्ट ढिले होतात, पाणी आत येतं, आणि मंग बोट भंगारात. म्हणून ते कायम पूर्वेच्या खोल पाण्यातच फिरायचे. ह्यांनी लगेच सांगितलं, पश्चिमेला जाऊ, तिकडं वारा चांगला हाय. अनिलकुमार म्हणाले, तितं बुडालेलं गाव हाय, खाली काय काय असंल.

"ते हिचंच गाव हाय," हे म्हणाले. "पाण्याखालचं हिला पाठ हाय. अगं, तू पुढं बस आणि सांगत जा."

असा माझा नवरा. भर उन्हात मला बोटीच्या नाकाजवळ बसवलं आणि तिघांचा जीव माझ्या जिभेवर ठेवला. अनिलकुमार मागं सुकाणू धरून बसले. शीड वर गेलं की त्यांना पुढचं काही दिसत न्हाय, ते मी सांगीन तसं वळवणार. हे मधी डोलकाठीपाशी, दोरीवर.

इंजिन बंद केलं आणि शीड फुगलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नुसता पाण्याचा आवाज. हे दोरी ओढत होते, सैल सोडत होते, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, वर्कशॉपमध्ये काम जमलं की पुटपुटायचे तसं. साठीचा माणूस, पण पाय असे रोवून उभा होता की मला ओळख पटंना. मी मान वळवून पुढं बघायला लागले.

पहिल्यांदा मी चिंच सांगितली. आमच्या चावडीपुढची थोराड चिंच, तिचा बुंधा अजून उभा हाय. डावीकडं घ्या म्हणलं, त्यांनी घेतली, आणि उजव्या अंगाला पाण्यात काळं टोक हातभर वर आलेलं दिसलं. अनिलकुमार मागनं काहीतरी कानडीत बोलले, कौतुकाचं असावं. मंग जुन्या रस्त्याचा भराव सांगितला. तितं पाण्याचा रंगच बदलला, सगळ्यांनी बघितला. त्यानंतर त्या दोघांचा माझ्यावर एवढा भरवसा बसला की ते मागं गप्पा मारायला लागले, बोट रत्नागिरीला कुठल्या रस्त्यानं न्यायची ह्याच्या. म्हणजे ठरलंच होतं. चक्कर नावाला चालली होती.

आणि मंग मला आमची विहीर आठवली.

आमची मोटेची विहीर, गावाच्या खालच्या अंगाला. दगडी बांधकाम, जमिनीपासनं पुरुषभर वर उचललेलं. तिच्यावर उभं राहिलं की टेकडीवरचं खंडोबाचं देऊळ बरोबर दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत दिसायचं. इकडं चार पावलं झाली तरी देऊळ डोंगराआड जायचं. लहानपणी आमचा तो खेळच होता. गाव बुडालं, पण देऊळ आणि डोंगर कुटं जातायत? मी मान वर करून बघितलं. देऊळ खिंडीच्या डाव्या कडेला आलं होतं आणि बोट सरळ चालली होती.

मागं एका दुष्काळात पाणी आटलं तवा भावानं फोटो पाठवला होता. विहीर अख्खी उघडी पडली होती, एक दगड हलला नव्हता. ह्या वर्षी पाणी कुठवर हाय ते मी येताना काठावर बघितलं होतं. हिशेब सोपा होता. विहिरीच्या कट्ट्यावर आता कमरेएवढं पाणी असणार. आणि पात चार फूट.

बोलायचं होतं ते एवढंच, 'उजवीकडं घ्या.' तीन शब्दसुद्धा न्हाईत. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते जसंच्या तसं सांगते, काही झाकत न्हाय. पात बसंल. बोट थांबंल. बोल्ट ढिले होतील आणि बोट भंगारात जाईल. अनिलकुमारचं नुकसान भरून देऊ, माझ्या पाटल्या हायेत. हे उभे हायेत, ते पाण्यात पडतील. पण अंगात जॅकेट हाय, आणि मी हाय. मी त्यांना दहा हातांवरनं काढीन. भिजतील, भेतील, नाकातोंडात पाणी जाईल, आणि परत जन्मात बोटीचं नाव काढणार न्हाईत. आज हितं माझ्यासमोर पडलेलं बरं, का उद्या समुद्रात एकट्यानं? हे सगळं मला त्या वेळी एकदम बरोबर वाटत होतं. त्याचीच आता मला लाज वाटते.

देऊळ खिंडीत सरकायला लागलं. तेवढ्यात वाऱ्याचा जोर आला आणि बोट एका अंगावर कलली. वेग वाढला. पाणी नाकापाशी फाटत चाललं होतं. मी पदर कमरेला आवळून खोचला, दोन्ही हातांनी पुढचा लोखंडी दांडा धरला आणि पाय दुमडून घेतले. मागं वळून बघितलं न्हाय. बघितलं असतं तर बोलले असते. मागच्या गप्पा थांबल्या होत्या, ते माझ्या कानावर आलं, पण मी म्हणलं वाऱ्यामुळं असंल.

देऊळ बरोबर मधोमध आलं. मी डोळे मिटले. आत्याच्या नवऱ्याचं तोंड दिसलं. एक झालं, दोन झालं. दांड्यावर माझी बोटं पांढरी पडली असतील. खालनं धक्का येईल, आता येईल, आता येईल.

काही झालं न्हाय.

मी डोळे उघडले तवा देऊळ डोंगराआड गेलं होतं. बोट विहिरीवरनं निघून गेली होती, तितं काहीच नसल्यासारखी. मागनं अनिलकुमारचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "अक्का, हितंच एक विहीर होती ना? दुष्काळात नव्या गावाच्या लोकांनी तिचे सगळे दगड उपसून नेले म्हणे, देवळाच्या कट्ट्याला. मासेमारी करणारे सांगत होते."

मी व्हय म्हणलं. माझा भाऊ त्याच नव्या गावात राहतो, त्यानं मला फोटो पाठवला आणि दगड नेल्याचं सांगितलं न्हाय. पण भावावर चिडायला माझ्यात त्राण नव्हतं. तितं दगड नव्हते म्हणून मी वाचले. दगड असते तर मी माझ्या नवऱ्याला हातानं पाण्यात लोटलं असतं.

परत येताना मी जिथं काही दिसंल तिथं डावं-उजवं सांगत राहिले, गरज नव्हती तितंसुद्धा. काठाला लागलो. ह्यांनी बोट बांधली, दोरीचा वेढा नीट घातला, शीड गुंडाळून वर कापड चढवलं. अनिलकुमार म्हणाले, तुमी दोघं बोला, मी टपरीवरनं चहा सांगून येतो. आणि काठी टेकत चढ चढायला लागले.

आमी पायरीवर बसलो. मला वाटलं हे आता बोटीचं गुणगान सुरू करतील. हे पाण्याकडं बघत होते. मंग त्यांनी विचारलं, पदर कशाला खोचला होतास. मी म्हणलं, वारा होता.

"वाऱ्यात तू पदर डोक्यावर घेतीस," हे म्हणाले. "खोचतीस ती पाण्यात उतरायच्या आधी. तवाच मला कळलं, पुढं काहीतरी हाय आणि तू सांगत न्हाईस."

मी म्हणलं, कळलं होतं तर अनिलकुमारना वळवायला का सांगितलं न्हाय.

"म्हणलं, लागू दे. तुला एवढी नको असंल तर लागू दे."

"अहो, तुमी उभे होता. पाण्यात गेला असता. पोहायला येतं का तुमाला?"

"तू होतीस की."

हे एवढं सरळ बोलले, जसं भाजीत मीठ बरोबर पडलंय असं सांगावं. ना राग, ना टोमणा. मला असं रडू फुटलं की समोरचं पाणी दिसंना. मी त्यांच्या दंडावर बुक्क्या मारल्या, खरंच मारल्या, चांगल्या चार-पाच. शरम वाटत होती आणि शरमेपेक्षा राग जास्त येत होता. ह्या माणसाला मी मरणाच्या दारात नेलं होतं आणि हा माझ्याच जिवावर निवांत उभा होता.

"आणि समुद्रात?" मी म्हणलं. "तितं कोण हाय? तितं पडलात तर कुणाच्या भरवशावर पडणार?"

मालवणच्या फॉर्मवर 'हो' लिहिणारा माणूस, प्रत्येक गोष्टीला ज्याच्याकडं तोड असते तो, आता खाली बघायला लागला. नखानं जॅकेटचा पट्टा खरवडत बसले. पलीकडं काशम्मा दोरीला हलत होती. तिच्यात खोट नव्हती, हे आता मला बी कबूल होतं. अडचण एकच होती आणि ती माझ्या शेजारी बसली होती.

मंग त्यांनी जॅकेट काढलं. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, मोबाईल दिला. शर्ट काढला, पँट गुडघ्यावर दुमडली. मला वाटलं पाय बुडवतायत. पण हे पायऱ्या उतरायला लागले, एकेक पायरी, भिंतीला हात लावून. गुडघाभर पाण्यात गेल्यावर थांबले आणि मागं न बघता हात पुढं केला. पाठीवरचा काटा मला पायरीवरनं दिसत होता.

मी घड्याळ आणि मोबाईल जॅकेटात गुंडाळून ठेवले, पदर खोचला आणि खाली उतरले. खाली गाळ, त्याच्याखाली घट्ट माती. कमरेपर्यंत नेलं, मंग छातीपर्यंत. ह्यांनी माझं मनगट असं आवळलं होतं की दुसऱ्या दिवशी निळं पडलं. दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात. मी म्हणलं, उताणं व्हा, मान मागं टाका, डोळे आभाळाकडं. पाठीखाली मी दोन्ही हात घातले. माणूस लाकडासारखा ताठ. कानात पाणी गेलं तसे धडपडले, माझ्या गळ्यात पडले, मला घेऊन बुडणार होते. मी सरळ केलं. परत उताणं केलं. परत धडपडले. तिसऱ्यांदा कुटं अंग जरा सैल झालं.

वरनं अनिलकुमारनी हाक मारली. काठी काखेत मारून, दोन हातात चहाचे कप घेऊन ते चढावर उभे होते, आणि खाली काय चाललंय ते त्यांना कळंना. त्यांनी विचारलं, काय ठरलं.

"थांबा जरा, अण्णा," मी म्हणलं. "अजून बघणं चाललंय."

ह्यांचे डोळे आभाळाकडं होते, पांढरेफटक. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"सोडू नकोस," हे म्हणाले.

"सोडणार," मी म्हणलं. "सांगून सोडणार. तीन म्हणलं की हात काढणार, आणि मी हितंच उभी असणार."

त्यांनी मान हलवली, पाण्यातल्या पाण्यात. त्यांच्या पाठीखाली माझ्या तळव्यांवर त्यांचं काळीज धडधडत होतं, आणि माझंही तसंच. मी एक म्हणलं.